चांगुणाबाईची कोरी पानं

ताई, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून मागे सरतो न सरतो तोच आला आणि घास उचलून कुंडलिका नदीवरून पलीकडे गेला. भटजी म्हणाले, चांगलं झालं, बाईंची काही इच्छा मागे राहिली नव्हती. सगळ्यांनी हात जोडले. मी मान खाली घातली, कारण मला हसू येत होतं. तुझी इच्छा राहिली नव्हती? तू तर माझ्याशी भांडता भांडता गेलीस. निम्मं वाक्य तुझ्या तोंडात होतं.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. पेणला असलो की रोह्याला यावंसं वाटतं. रोह्याला येऊन पूल ओलांडला, पलीकडच्या अष्टमी गावातल्या तुझ्या वर्गाचं कुलूप पाहिलं की परत पेणची गाडी पकडतो. कॉलेजात मुलांना शिकवताना तुझी उत्तरं सुचतात. म्हणजे मी बोलतो आणि तू खोडतेस. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

आपण भांडत होतो ते एका पुस्तकावरून. आधी मीच लोकांना दिलेलं आणि मग मीच मागे घेतलेलं पुस्तक.

तुला कुठलीच गोष्ट फेकवत नसे. नदीचं पाणी आपल्या घरात शिरलं तेव्हा तू कॉलेजात होतीस, मी शाळेत. भांडी सापडली, पाट सापडले, आईचा फोटो मात्र कुठल्या कुठे गेला. आई त्याआधीच गेली होती. दुसरा फोटो नव्हता. तू आठवडाभर चिखलात हात घालून शोधत होतीस. बाबा ओरडले तरी ऐकेनास. पुढे टेलिफोनच्या नोकरीत असताना तू मुंबईला जाऊन कॉम्प्युटर शिकलीस, आणि चक्कीच्या वरची ती खोली घेऊन वर्ग काढलास, तेव्हा मला म्हणाली होतीस, "अंत्या, या मशिनीत ठेवलेलं पाण्यात जात नाही रे." खाली दळण चालू असायचं आणि वर तुझ्या मुलींची बोटं कीबोर्डवर. सगळ्या मशिनींवर पिठाची साय.

माझ्याकडे तेव्हा मिठागरातल्या बायकांची बोलणी होती. सुट्टीत पेणच्या खारेपाटात, खाडीकाठच्या गावांतून हिंडून मी टेपवर घेतलेली. सात बाया. कुणी मीठ ओढताना पायाला पडणाऱ्या भेगांबद्दल बोललेली, कुणी उधाणात फुटलेल्या बांधाबद्दल, कुणी सासूबद्दल. मी ती त्यांच्याच बोलीत उतरवली. पुण्याच्या एका प्रकाशकाने, भाषा जरा शुद्ध केलीत तर बघू, असं कळवलं. मी नाद सोडला. तू नाही सोडलास.

"छापणारा कशाला हवा? आपण इंटरनेटवर ठेवू. फुकट. ज्याला हवं त्यानं वाचावं."

"मराठी अक्षरं दिसतात का त्याच्यावर?"

"नाही दिसली तर पानांचे फोटो चढवू."

आणि तू चढवलेस. एकेक पान स्कॅन करून. त्यासाठी फोन मुंबईला लावावा लागायचा, मधेच लाइन तुटायची, आणि तू पहिल्यापासून सुरू करायचीस. शेवटचं पान चढलं त्या दिवशी तू चक्कीवाल्यासकट सगळ्यांना भजी खायला घातलीस. मुखपृष्ठावर तूच वाक्य घातलंस: "हे पुस्तक सर्वांसाठी मोफत आहे." परदेशातून एका मुलीचं पत्र आलं, तिची आजी पेणच्या बाजूची, तशीच बोलायची म्हणे. ते तू मला फोनवरून दोनदा वाचून दाखवलंस.

मग चांगुणाबाई आली. ताई, इथे मी तिचं खरं नाव लिहीत नाही. पुस्तकात होतं, कारण टेपवर ती ठासून म्हणाली होती, "नाव माजंच घाल. मी काय चोरी केलीय?" सातांतली सगळ्यात मोकळी बोलणारी तीच. लग्नाआधीचं आयुष्य तिने सांगितलं होतं, गावात कुणालाही ठाऊक नसलेलं. ते काय होतं ते मी इथेही सांगणार नाही.

भर दुपारी ती पेणला माझ्या घरी आली. पाणी दिलं ते तिने हातातच धरलं.

"मास्तर, माजी गोष्ट डोलवीच्या कंपनीत कशी गेली?"

मला कळेना, मग तिनेच सांगितलं. तिच्या गावचा एकजण तिथे ठेक्यावर कामाला होता. ऑफिसातल्या कुणीतरी आपल्या भागाचं काहीतरी आहे म्हणून ती पानं उघडली होती, मोठ्याने वाचली होती. त्याने गावात येऊन सांगितलं, तुझी गोष्ट कंपनीच्या कॉम्प्युटरात हाय.

"मी तुला सांगितली होती. तू बुकात लिवशील, बुक कपाटात ऱ्हाईल, असं मला वाटलं. माज्या सुरेखाचं जमतंय. पोरगा त्याच कंपनीत हाय. काडून टाक."

"पण मावशी, तुम्हीच म्हणाला होतात..."

"व्हय, म्हणले होते. आता नको म्हणते. नाय म्हणायला येत नाय का बाईमाणसाला?"

मी तिच्यासमोरच तुला फोन लावला. तू आधी पानांचे आकडे विचारलेस. मग म्हणालीस, "फक्त तिची पानं काढते."

मी म्हटलं, "नको, सगळंच काढ. सात बायांच्या पुस्तकात सहाच राहिल्या तर लोक सातवीला शोधतील."

"अंत्या, बाकीच्या सहाजणींनी काय केलंय?"

पण काढलंस. त्या संध्याकाळपर्यंत तिथे नुसतं रिकामं पान होतं. सुरेखाचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. मी जेवायला गेलो होतो. चांगुणाबाईने स्वतः वाढलं आणि पुस्तकाबद्दल चकार शब्द काढला नाही.

इथे संपायला हवं होतं, नाही का? पण त्या पावसाळ्यात बायजाबाई गेली. सातांतली सगळ्यात म्हातारी, फुटलेल्या बांधाची गोष्ट सांगणारी. तिची लेक कमल अष्टमीत दिलेली. ती तुझ्या वर्गाच्या जिन्यात येऊन उभी राहिली. हे तूच मला सांगितलंयस, आणि दरवेळी तिच्या आवाजात.

"बाई, आयचं बोलनं तुमच्या मशिनीत हाय ना? मला वाचून दाखवा. आवाज इसरायला लागले मी तिचा."

तुझ्या मशिनीत नव्हतं. हार्ड डिस्क आधीच बसली होती. माझ्या टेपांना दमट हवेने बुरशी धरली होती, आणि हाताने उतरवलेले कागद स्कॅन करायला तुझ्याकडे दिलेले, ते पत्रे गळले तेव्हा लगदा होऊन गेले होते. आपण दोघं काय काय सांभाळणार होतो, आणि आपल्याकडे एक ओळ उरलेली नव्हती. तू कमलला म्हणालीस, दोन दिवस दे. आणि शोधायला बसलीस.

तुला ते सापडलं एका परदेशी विद्यापीठात. तिथे कुणीतरी मराठी पानं जमवत होतं. जे जे दिसेल त्याची नक्कल करून संग्रहात ठेवत होतं, उद्या मूळ जागा बंद पडली तर असावं म्हणून. आपलं पुस्तक तिथे आख्खं होतं. मुखपृष्ठासकट. "हे पुस्तक सर्वांसाठी मोफत आहे."

तू ते उतरवून घेतलंस. कमलला समोर बसवून तिच्या आईची पानं वाचून दाखवलीस. ती म्हणे मधेच हसायची, म्हणायची, "आय अशीच खोटं बोलते, बांध तिनं एकटीनं नाय बांधला." मग रडली. मग पुन्हा वाचायला लावलं तिने.

एवढ्यावर माझी काहीच तक्रार नव्हती, ताई. हे मी तुला तेव्हाही म्हटलं. पण तू थांबली नाहीस. ग्रामीण रुग्णालयातल्या नर्सबाईने मागितलं, तिला फ्लॉपीवर दिलंस. मिठागरावर काम करणाऱ्या बायांच्या पायांबद्दल तिला वाचायचं होतं. रोह्याच्या एका शिक्षकाला दिलंस. सगळं पुस्तक. चांगुणाबाईसकट. आणि मला कळलं ते त्या शिक्षकाकडून, रोह्याच्या स्टेशनवर, गाडीची वाट बघताना. "तुमचं पुस्तक वाचलं. ती एक बाई काय बोललीय हो!"

मी गाडी सोडली आणि तडक तुझ्याकडे आलो. वर्ग सुटला होता. तू मशिनींवर कापडं घालत होतीस.

"हे आपण काढून टाकलं होतं," मी म्हटलं.

"मी कुठे चढवलंय परत? जिथे होतं तिथून घेतलं."

"तिथे असलं म्हणून घ्यायचं? शेजाऱ्याचं दार उघडं असलं म्हणून?"

"शेजाऱ्याचं नाही, तुझंच. तूच वाटलं होतंस. बारशाच्या घुगऱ्या वाटल्या, मग पोर गेलं म्हणून त्या लोकांच्या पोटातून परत मागतोस का?"

तुझी ही असली उदाहरणं. मी चिडलो आणि कायद्यावर गेलो. तो संग्रह सापडला तेव्हाच पेणच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माझ्या मित्राला विचारून ठेवलं होतं. त्याने सांगितलेलं मी तुला ऐकवलं. फुकट वाचायला दिलं म्हणजे हक्क सोडला असं होत नाही. लेखकाने मागे घेतलं की नक्कल करून वाटणं चूक. त्या संग्रहवाल्यांनीसुद्धा न विचारता ठेवलं, तेही वादाचंच.

तू कापड हातात घेऊन ऐकत राहिलीस. मग विचारलंस, "आणि चांगुणाबाई? तिच्याबद्दल काय म्हणाला तुझा वकील?"

तेही मी त्याला विचारलं होतं, आणि ते तुला सांगावंच लागलं. तो म्हणाला होता, ती कोण? पुस्तक तुमचं, नाव तुमचं, हक्क तुमचा.

"म्हणजे तिच्या आयुष्याचा मालक तू," तू म्हणालीस. "मग मला कायदा कशाला सांगतोस? त्या कायद्यात ती नाहीच. बायजाबाईपण नाही, कमलपण नाही. तू एकटाच आहेस त्यात."

कायदा माझ्या बाजूने होता आणि मला त्याची लाज वाटत होती. तू कायद्याबाहेर होतीस आणि तुझ्या हातून कमलला तिची आई मिळाली होती. आणि तरीही त्या स्टेशनवर एक परका माणूस चांगुणाबाईबद्दल "काय बोललीय हो" म्हणत हसला होता.

"चल तिच्याकडे," मी म्हटलं. "मला नको सांगू. तिला सांग."

तू लगेच तयार झालीस. हे तुझं मला फार आवडायचं. भांडणातून तू कधी पळाली नाहीस.

आपण दोघं गेलो. एसटीतून उतरून बांधावरून चालताना तुला धाप लागत होती. मी थांबू म्हटलं तर म्हणालीस, "पिठानं होतं ते." चांगुणाबाई अंगणात सुकट निवडत होती. तिने तुला पहिल्यांदाच पाहिलं. आपण सगळं सांगितलं. संग्रह म्हणजे काय, परदेश किती लांब, फ्लॉपी कुणाकुणाला दिली. तू काही लपवलं नाहीस.

तिने ऐकून घेतलं. मग तुला विचारलं, "तुला पोरी हायत का गो?"

"नाही. लग्न नाही केलं."

"मंग तुला नाय कळायचं."

तू मान डोलावलीस. "नसेल कळत. पण बायजाबाईच्या लेकीला काय सांगू? आईचं बोलणं फेकून दे म्हणून?"

"बायजी मेली. मेलेल्याचं काय जातंय? मी जिती हाय. माजी पोर नांदतेय." सुकटीचं सूप तिने बाजूला सारलं. "मी कदी सांगू नका असं म्हणत नाय. आता नको म्हणते. एवडंच."

"मग कधी, मावशी?"

"मी सांगन तवा."

परतताना तू बांधावर बसलीस. समोर ओहोटी होती, चिखलात बगळे. तू म्हणालीस, "बरोबर आहे तिचं." मी सुटकेचा श्वास सोडला तर लगेच पुढे, "पण अंत्या, ती सांगेल तोवर ते कुठे तरी असायला हवं ना? आपल्याकडे तर राहत नाही काही. त्या विद्यापीठानं ठेवलं नसतं तर ती सांगेल तेव्हा आपण काय दाखवणार होतो? बुरशी?"

नर्सबाई आणि शिक्षक, दोघांकडून तू फ्लॉप्या परत आणल्यास. स्वतः जाऊन. त्यांना काय सांगितलंस कोण जाणे. मग नवीन प्रती केल्यास, सहा बायांच्या. पण चांगुणाबाईची पानं काढली नाहीस, कोरी ठेवलीस. पानांचे आकडे तसेच, मजकूर नाही. मी म्हटलं, हे तर आणखी वाईट, लोक विचारतील ही कुणाची जागा. तू म्हणालीस, "विचारू देत. इथे कुणीतरी बोललं होतं, एवढं तरी कळू दे."

आणि तो संग्रह? मी सांगितलं, त्यांना लिही, काढून टाका म्हणून. ईमेल तुझ्याकडे, इंग्रजी तुझं माझ्यापेक्षा बरं. तू "बघते" म्हणालीस. पुढच्या वेळी पुन्हा "बघते". शेवटच्या रविवारी फोनवर मी जरा जोरातच विचारलं, लिहिलंस की नाही. तू म्हणालीस, "अंत्या, मला एक सांग, विचारायचं कुणाला, आणि कुठपर्यंत? समजा चांगुणाबाई उद्या..." आणि वर्गातल्या कुणीतरी हाक मारली. "थांब, करते फोन," म्हणालीस.

तो फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मुलींना शिकवताना तू टेबलावर डोकं टेकलंस. त्यांना वाटलं, बाई दमल्या. अलिबागला नेईपर्यंत तू गेली होतीस. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप लहानपणापासून अधू असणार. पिठानं होतं ते, ताई? तू मला कायमच धाकटा समजलीस.

समजा चांगुणाबाई उद्या काय? मेली तर? हो म्हणाली तर? मी तुझं वाक्य रोज वेगवेगळं पुरं करतो. तू ईमेल लिहिलंस की नाही तेही मला ठाऊक नाही. तुझ्या वर्गातल्या मोठ्या मुलीकडून मी तो संग्रह उघडून घेतला. पुस्तक तिथेच आहे. म्हणजे तू लिहिलं नाहीस, किंवा लिहिलंस आणि त्यांनी ऐकलं नाही. पहिलं खरं असेल तर मला राग येतो, दुसरं असेल तर काळजी वाटते, आणि दोन्ही वेळा, ते अजून आहे या विचाराने कुठेतरी बरंही वाटतं. हे तुला सांगितलं असतं तर तू किती हसली असतीस.

तेराव्यानंतर सुरेखा आली. एकटीच, पेणला, माझ्या घरी. तुझं ऐकून आले म्हणाली. चहा घेतला. मग म्हणाली, "सर, आयची पानं मला वाचायचीत."

मी विचारलं, "कोणती पानं?"

"मला म्हाईत हाय. लग्नाच्या आधीपासनं. कंपनीतल्यांनी ह्यांना सांगितलेलं, ह्यांनी मला. काय लिवलंय ते नाय सांगितलं. म्हणाले, तुझ्या आयनं काय तरी सोसलंय, तू तिलाच विचार. मी कशी विचारू? ती समोर आली की माझी जीब उचलत नाय."

ताई, तू उतरवून घेतलेल्या आख्ख्या पुस्तकाची डिस्क तुझ्या वर्गातून आणून मी घरात ठेवली होती. परदेशातूनही ती पानं चहा उकळेपर्यंत आली असती. आणि समोर बसली होती तिची लेक, जिच्यासाठी ते सगळं काढून टाकलेलं होतं. तू असतीस तर दिली असतीस का? कमलला दिलीस तशी? मला वाटतं, दिली नसतीस. मला खात्री नाही.

मी म्हटलं, "चल, आपण तुझ्या आईकडे जाऊ."

चांगुणाबाईने आम्हाला दोघांना एकत्र पाहिलं आणि तिला कळलं. ती चुलीपाशी होती. उठली नाही. सुरेखा तिच्याजवळ जमिनीवर जाऊन बसली. चांगुणाबाईने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग सुरेखाच म्हणाली, "आय, आमच्या घरच्या ह्यांना समदं म्हाईत हाय. कुणी काय वाकडं बोललं नाय मला. तू सांग."

मी बाहेर ओटीवर येऊन बसलो. आतून चांगुणाबाईचा आवाज येत होता, सलग, न थांबता. टेपवर तिने सांगितलं होतं त्यापेक्षा खूप जास्त वेळ ती बोलली. मध्ये एकदा सुरेखाचं रडणं आलं. एकदा दोघींचं हसणं. मी शब्द ऐकले नाहीत. ऐकू नयेत म्हणून उठून बांधापर्यंत गेलो आणि तिथे तू बसलेली जागा होती, तिथे बसवेना म्हणून परत फिरलो.

बाहेर आल्यावर चांगुणाबाईने तोंड धुतलं. मी तिला विचारलं, त्या संग्रहातून काढायला लावू का आता? आणि तुझ्याबद्दल मी काही लिहितोय, त्यात ही हकिगत नाव बदलून लिहू का, तेही विचारलं.

"बहिणीबद्दल लिव. तिनं माजी पानं कोरी ठिवली म्हणतोस ना? चांगली होती." मग तिने तांब्या पालथा घातला. "त्या लांबच्या सायबाकडं हाय ते ऱ्हाऊ दे. हितं कुणाला देऊ नको."

"मावशी, तिथून इथं यायला वेळ लागत नाही. कुणीही घेऊ शकतं."

"घेनारा घील. तुझ्याकडं मागाय आला तर तू काय करशील?"

"तुम्हाला विचारीन."

"आन मी गेल्यावर?"

मी सुरेखाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. तीच पदराने नाक पुसत म्हणाली, "मला विचारा."

ताई, विचारायचं कुणाला ते आता मला ठाऊक आहे. कुठपर्यंत, ते अजून नाही. आज, हे लिहीत असताना, जगात कुठेतरी कुणीतरी कुणालाही न विचारता ती पानं उघडत असेल. तो माणूस चांगला असू दे, एवढंच माझ्या मनात येतं. यावर तू नक्की काहीतरी म्हणाली असतीस, आणि मी नक्की चिडलो असतो.